तळ स्वच्छ, समुद्राचे काय?

विशेष प्रतिनिधी

जहाजांच्या तळाला चिकटणारी सागरी वाढ रोखण्यासाठी सध्या 'पर्यावरणस्नेही' लेपांचा मोठा गाजावाजा सुरू आहे. या लेपांमुळे इंधन वाचते आणि धूर कमी होतो, यात शंका नाही. मात्र एखादा लेप खरोखरच पर्यावरणस्नेही आहे, हे ठरवायचे कोणी आणि केव्हा? गेल्या अर्धशतकाचा अनुभव पाहता हा प्रश्न लेप लावण्यापूर्वी विचारणेच शहाणपणाचे ठरेल.

२०२२ सालचा डिसेंबर महिना संपत आला होता. नववर्षाचे स्वागत समुद्रावर करण्यासाठी 'व्हायकिंग ओरायन' या आलिशान प्रवासी जहाजाने निघालेल्या शेकडो पर्यटकांना न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियातील काही ठरलेल्या बंदरांत पाऊलच ठेवता आले नाही. जहाजावर कोणतीही साथ पसरली नव्हती, की इंजिनात बिघाड नव्हता. जहाजाच्या तळाला सागरी जीवांचा थर चढला होता, एवढेच कारण होते. तो काढल्याखेरीज बंदरात प्रवेश नाही, असे ऑस्ट्रेलियाच्या अधिकाऱ्यांनी बजावले. अखेर ॲडलेडजवळच्या समुद्रात जहाज उभे करून पाणबुड्या कामगारांकडून तळ साफ करवून घेण्यात आला आणि २ जानेवारी २०२३ रोजी ते मेलबर्नला पोहोचले.

प्रवाशांच्या दृष्टीने हा सुटीचा विरस होता. नौवहन उद्योगाच्या दृष्टीने मात्र तो इशारा होता. जहाजाचा तळ किती स्वच्छ आहे, ही बाब आजवर जहाजमालक आणि त्याचे इंधनाचे बिल यांच्यापुरती होती. आता ती बंदरांची, सरकारांची आणि आंतरराष्ट्रीय करारांची बाब बनली आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सागरी पर्यावरण समितीने एप्रिल २०२५मध्ये तळावरील जैविक वाढीच्या नियंत्रणासाठी कायदेशीररीत्या बंधनकारक चौकट तयार करण्याचे काम हाती घेण्यास संमती दिली. याचा साधा अर्थ असा, की येत्या काळात जहाजांच्या तळाला काही ना काही प्रभावी लेप लावावाच लागेल. तो लेप कोणता, यावर किनाऱ्यावरच्या पाण्याचे आणि त्यातल्या जीवांचे भवितव्य अवलंबून आहे.

अर्ध्या मिलिमीटरचा भार

कोणताही पृष्ठभाग समुद्रात बुडवला, की काही मिनिटांत त्यावर सेंद्रिय रेणूंचा पातळ पापुद्रा बसतो. काही तासांत जीवाणू येतात, काही दिवसांत सूक्ष्म शेवाळाचा बुळबुळीत थर तयार होतो आणि पुढच्या काही आठवड्यांत चुन्याच्या कवचाचे बार्नेकल, नळीत राहणारे कृमी, शिंपले आणि हिरवे शेवाळ तिथे वस्ती करते. कोकणात भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांवरून अनवाणी चालणाऱ्यांना बार्नेकलच्या धारदार कवचांची ओळख वेगळी करून द्यायला नको. त्यांचा चिकटपणा असा, की मेल्यानंतरही कवच तळाला धरून राहते.

या वस्तीमुळे तळ खरखरीत होतो, पाण्याचा विरोध वाढतो आणि तोच वेग राखण्यासाठी अधिक इंधन जाळावे लागते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या 'ग्लोफाउलिंग' प्रकल्पाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तळाच्या निम्म्या भागावर अवघ्या अर्ध्या मिलिमीटर जाडीचा बुळबुळीत थर असला, तरी जहाजाचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन २५ ते ३० टक्क्यांनी वाढू शकते. बार्नेकलसारख्या कवचधारी जीवांचा हलका थर असेल, तर ही वाढ ५५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. अमेरिकी नौदलाच्या 'आर्ली बर्क' वर्गातील विनाशिकांच्या २०११ सालच्या एका अभ्यासात या एका वर्गापुरता सागरी वाढीचा खर्च वर्षाला सुमारे ५ कोटी ६० लाख डॉलर काढण्यात आला होता. त्यातील सर्वांत मोठा वाटा जादा इंधनाचा होता. जगभरच्या जहाजांमुळे २०१८ साली सुमारे १०७ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन झाले. जागतिक उत्सर्जनात हा वाटा सुमारे २.९ टक्के येतो. त्यामुळे तळ स्वच्छ ठेवणे हा हवामानबदल रोखण्याचा तुलनेने स्वस्त मार्ग आहे, हा उद्योगाचा दावा निराधार नाही.

तळाला चिकटलेले जीव एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जातात, हा दुसरा धोका. मूळच्या मध्य अमेरिकेकडील काळ्या पट्ट्याच्या शिंपल्याची उपस्थिती १९६०च्या दशकात विशाखापट्टणमला आणि पुढे मुंबईच्या बंदरातही नोंदवली गेली. हाच शिंपला १९९९ साली ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या नौकातळांत आढळला, तेव्हा तेथील प्रशासनाने तीन नौकातळ बंद केले आणि त्यांच्या पाण्यात क्लोरीन व मोरचूद ओतून त्याचा समूळ नायनाट केला. आपल्याकडे तो स्थायिक झाला. अलीकडे केरळच्या खाड्यांत दक्षिण अमेरिकी शिंपल्याची आणखी एक जात पसरली असून स्थानिक शिंपल्यांवर पोट भरणाऱ्यांना तिची झळ बसते आहे. तिच्या आगमनामागे जहाजांच्या टाक्यांतील भाराचे पाणी किंवा जहाजांचे तळ असावेत, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

तात्पर्य, अस्वच्छ तळ निरुपद्रवी नाही. लेप हवाच, यावर वाद नाही. वाद आहे तो लेपाच्या गुणधर्मांवर.

तांबे विरघळते, म्हणूनच चालते

या वादाची मुळे जुनी आहेत. लाकडी जहाजांच्या काळात तळाला चुना, चरबी, राळ, डांबर असे नाना लेप दिले जात. ब्रिटिश नौदलाने १७६१ साली 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळावर तांब्याचे पत्रे ठोकले आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून व शेवाळापासून तिचा बचाव झाला. पुढे तांब्याचा तळ ही ब्रिटिश आरमाराची ओळख बनली.

मात्र हे पत्रे समुद्राच्या पाण्यात झिजत. ती झीज थांबवण्यासाठी प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली तांब्याला जस्त किंवा लोखंडाचे तुकडे जोडण्याची युक्ती सुचवली. युक्ती यशस्वी झाली, तांब्याची झीज थांबली. आणि झीज थांबताच तळावर पुन्हा बार्नेकल व शेवाळ वाढू लागले. नौदलाला तो उपाय सोडून द्यावा लागला. तांबे आपल्या कठीणपणामुळे काम करत नव्हते. ते थोडे थोडे विरघळून आसपासच्या पाण्याला विषारी करत होते, म्हणून त्याचा उपयोग होता.

पुढच्या दोनशे वर्षांत साहित्य बदलले, पत्र्यांच्या जागी रंग आले, परंतु बहुतेक लेपांचे तत्त्व हेच राहिले. तळाला जीव चिकटू नये यासाठी काहीतरी पाण्यात सोडावे लागते, आणि ते काहीतरी पाण्यात गेल्यानंतर फक्त बार्नेकलच्याच वाट्याला येईल, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

आर्काशोंचे कालवे, मार्मागोवाची गोगलगाय

या तत्त्वाचा सर्वांत दाहक अनुभव ट्रायब्युटिल टिन, म्हणजेच टीबीटी या कथिलयुक्त रसायनाने दिला. १९६०च्या दशकात या रसायनाचा वापर सुरू झाला. पुढे त्यापासून असा रंग तयार झाला, की जो समुद्राच्या पाण्यात थराथराने झिजतो आणि प्रत्येक वेळी विषारी द्रव्याचा ताजा पृष्ठभाग उघडा करतो. एकदा रंग दिला, की पाच वर्षे जहाज सुक्या गोदीत घ्यावे लागत नसे. जहाजमालकांना याहून आणखी काय हवे होते? जगातील बहुसंख्य मोठ्या जहाजांच्या तळांवर हा रंग पोहोचला.

फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची शेती चालते. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील कालवांची पिल्ले धरेनाशी झाली. मोठ्या कालवांची कवचे वेडीवाकडी, नको तितकी जाड होऊ लागली आणि बाजारात त्यांना कोणी विचारेना. संशयाची सुई परिसरातील नौकांच्या रंगाकडे वळली. १९८२ साली फ्रान्सने २५ मीटरहून लहान नौकांसाठी या रंगांवर निर्बंध घातले.

इंग्लंडमध्ये प्लायमथच्या शास्त्रज्ञांना किनाऱ्यावरील एका गोगलगायीच्या माद्यांमध्ये नराचे अवयव वाढत असल्याचे आढळले होते. १९८०च्या दशकात त्याचा संबंध टीबीटीशी जोडला गेला. ही विकृती सुरू होण्यासाठी लिटरमागे सुमारे एक नॅनोग्रॅम, म्हणजे शंभर कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम इतके टीबीटी पुरते. प्रमाण आणखी वाढले, की माद्या वांझ होतात आणि त्या किनाऱ्यावरची गोगलगायींची पुढची पिढीच खुंटते.

हे प्रकरण युरोपापुरते नव्हते. गोव्याच्या दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९९ साली 'क्रोनिया कोंकणेन्सिस' या गोगलगायीत हीच विकृती भारतीय किनाऱ्यावर नोंदवली. मार्मागोवा बंदराच्या परिसरातील गोगलगायींवर त्यांचे हे काम झाले. कोकणाचे नाव धारण करणारा हा लहानसा जीव जगभरच्या जहाजांच्या रंगाची किंमत आपल्याच किनाऱ्यावर चुकवत होता. त्याची बातमी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येण्याचे कारण नव्हते, आणि ती आलीही नाही.

कायदा मात्र आपल्या गतीने चालला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ५ ऑक्टोबर २००१ रोजी टीबीटीबंदीचा करार संमत केला. १ जानेवारी २००३नंतर हा रंग नव्याने लावायचा नाही आणि १ जानेवारी २००८नंतर तो तळावर उघडा राहू द्यायचा नाही, असे त्यात ठरले. प्रत्यक्षात पुरेशा देशांची संमती मिळून करार अमलात यायला १७ सप्टेंबर २००८ उजाडला. फ्रान्सच्या पहिल्या निर्बंधापासून मोजले, तर मध्ये २६ वर्षे गेली. भारतात या करारासाठीची तरतूद १९५८च्या व्यापारी नौवहन कायद्यात २०१४ साली दुरुस्ती करून झाली. २०२५ साली संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला आहे.

बंदी झाली म्हणून विष संपले, असेही नाही. बंदरांच्या तळाशी, प्राणवायू नसलेल्या गाळात टीबीटीचे विघटन अतिशय संथ असते आणि ते वर्षानुवर्षे टिकते. गाळ उपसला, की ते पुन्हा पाण्यात मिसळू शकते. जहाजांची अखेरची यात्रा जिथे संपते, त्या गुजरातमधील अलंगला किंवा मुंबईच्या दारुखान्याला तर जुन्या रंगांचा प्रश्न थेट भिडतो. जहाज तोडण्यासंबंधीचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ रोजी अमलात आला. जहाजावरील घातक पदार्थांच्या यादीत तळाच्या लेपाची नोंद त्याने बंधनकारक केली आहे. ही नोंद खरी असेल, याची काळजी तोडकामाच्या जागी कोण घेणार, हे पाहावे लागेल.

पर्यायांचे पर्याय

टीबीटी गेल्यानंतर बाजार पुन्हा तांब्याकडे वळला. आज वापरात असलेल्या बहुतेक रंगांत तांब्याचे संयुग मुख्य असते. तांब्याला दाद न देणाऱ्या शेवाळासाठी आणखी एखादे जीवनाशक त्यात मिसळले जाते. यातील सायब्युट्रीन हे शेवाळाचे प्रकाशसंश्लेषण रोखते. परंतु प्रवाळांचा जीव ज्या सूक्ष्म शेवाळावर अवलंबून असतो, त्यालाही ते सोडत नाही. टीबीटीला पर्याय म्हणून पुढे आलेल्या या रसायनावर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२१ साली बंदीचा निर्णय घेतला आणि १ जानेवारी २०२३ पासून ती लागू झाली. म्हणजे पर्यायालाही पर्याय शोधण्याची पाळी आली.

पुरस्कारांवर विसंबूनही चालत नाही. डीसीओआयटी या दुसऱ्या एका जीवनाशकाला १९९६ साली अमेरिकेत हरित रसायनशास्त्राचा अध्यक्षीय पुरस्कार मिळाला होता. समुद्रात त्याचे विघटन लवकर होते, हा त्याचा गुण. टीबीटीच्या तुलनेत तो निश्चितच मोठा होता. मात्र विघटन होण्यापूर्वी अत्यल्प प्रमाणातही ते अनेक सागरी जीवांना घातक ठरते, हे पुढील संशोधनातून दिसले. 'कोणाच्या तुलनेत हरित', हा प्रश्न पुरस्काराच्या प्रमाणपत्रावर छापलेला नसतो.

तांब्याबाबतही हिशेब वाढतो आहे. बाल्टिक समुद्रात येणाऱ्या तांब्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक तांबे जहाजांच्या व नौकांच्या रंगांतून येते, असा स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठाच्या संशोधकांचा अंदाज आहे. अमेरिकेत सॅन दिएगोच्या एका नौकातळातील तांब्याचे प्रमाण घटवण्यासाठी २००५ साली बंधने आली. कॅलिफोर्नियाने २०१८ पासून करमणुकीच्या नौकांच्या रंगांतून तांबे किती वेगाने पाण्यात उतरावे, यावर मर्यादा घातली.

या संदर्भात वॉशिंग्टन राज्याचे उदाहरण बोलके आहे. त्या राज्याने २०११ साली करमणुकीच्या नौकांसाठी तांबेयुक्त रंगांवर बंदीचा कायदा केला आणि ती २०१८ पासून लागू होणार होती. परंतु पर्यायी रंगांची छाननी सुरू झाली, तेव्हा राज्याच्या पर्यावरण खात्याच्याच लक्षात आले, की तांब्याऐवजी येणारी काही द्रव्ये पाण्यातील जीवांना अधिक अपायकारक ठरू शकतात. बंदी पुढे ढकलण्यात आली. कायद्याची नामुष्की झाली, अशी टीका त्यावर करता येईल. माझ्या मते मात्र हा या साऱ्या इतिहासातील दुर्मीळ शहाणपणाचा प्रसंग आहे. जुने विष काढण्यापूर्वी नवे तपासून पाहिले गेले.

न चिकटणारा तळ

मग विषाशिवाय भागतच नाही का? भागते, निदान काही ठिकाणी तरी. सिलिकोनवर आधारित लेप जीवांना मारत नाहीत. त्यांचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत आणि लवचिक असतो, की जीवाचा डिंक घट्ट पकड घेऊ शकत नाही. जहाज वेगाने चालू लागले, की पाण्याच्या रेट्याने जीव गळून पडतात. स्वयंपाकघरातील न चिकटणाऱ्या तव्याची कल्पना डोळ्यांसमोर आणली, तर तत्त्व लक्षात येईल. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे लेप व्यापारी जहाजांवर दिसू लागले. प्रारंभी ते वेगवान जहाजांनाच उपयोगी होते, नंतरच्या सुधारणांमुळे मंद जहाजांनाही ते लावता येऊ लागले. चाल्मर्सच्याच संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाल्टिक परिसरातील चाचण्यांत सिलिकोनचा लेप तांब्याच्या रंगाहून सरस ठरला. 'विषाविना काम होत नाही' या समजाला त्याने चांगलाच छेद दिला.

इतर वाटाही शोधल्या जात आहेत. फ्लोरिडा विद्यापीठातील अँथनी ब्रेनन यांनी अमेरिकी नौदलासाठी काम करताना शार्कच्या कातडीवरील सूक्ष्म खवल्यांच्या रचनेवरून नक्षीदार पृष्ठभाग तयार केला आणि शेवाळाचे बीजाणू त्यावर फारसे बसत नसल्याचे प्रयोगशाळेत दाखवून दिले. स्वीडनमध्ये मेडेटोमिडीन या पशुवैद्यकातील गुंगीच्या औषधाचा अत्यल्प अंश रंगात मिसळून बार्नेकलच्या पिल्लांना तळावर बसण्यापासून परावृत्त करण्याचा मार्ग निघाला. त्यात पिल्लू मरत नाही, ते अस्वस्थ होऊन पोहत राहते. तळावर फिरणारे आणि थर जमण्याआधीच तो पुसून काढणारे यंत्रमानवही आता वापरात आले आहेत.

तथापि, यातील एकही उपाय सर्वगुणसंपन्न नाही. सिलिकोनचा लेप महाग असतो, साखळीच्या किंवा धक्क्याच्या घर्षणाने तो सहज फाटतो आणि बुळबुळीत थर त्यावरही टिकून राहतो. जहाज उभे राहिले, की त्याची सारी मात्रा थंडावते. करोनाकाळात बंदरांबाहेर महिनोन्‌महिने नांगर टाकून पडलेल्या जहाजांनी उभे राहण्याची किंमत काय असते, ते दाखवून दिले. सिलिकोनच्या काही लेपांतून तेल झिरपते. काहींत फ्लोरिनयुक्त द्रव्ये असतात, आणि ही द्रव्ये निसर्गात दीर्घकाळ टिकत असल्याने युरोपात त्यांच्यावर निर्बंधांची चर्चा सुरू आहे.

याशिवाय रंग कोणताही असो, तो झिजतो आणि त्याचे कण पाण्यात जातात. जर्मनीतील ओल्डेनबुर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली उत्तर समुद्रातील जर्मन उपसागरातल्या सूक्ष्म प्लास्टिकचा अभ्यास केला. जलमार्गांच्या परिसरात वेष्टनाच्या प्लास्टिकपेक्षा जहाजांच्या रंगांशी नाते सांगणारी प्लास्टिके अधिक आढळली. रस्त्यावर गाडीचे चाक घासून खूण उमटावी, तशी जहाजेही पाण्यात खूण सोडतात की काय, अशी शंका त्यांनी उपस्थित केली. विषमुक्त लेपही या हिशेबातून सुटत नाही.

तीन खाती

'पर्यावरणस्नेही' या एका शब्दात तीन वेगवेगळी खाती दडलेली आहेत, हे येथवरच्या विवेचनावरून ध्यानात यावे. पहिले खाते हवेचे: तळ स्वच्छ राहिल्याने किती इंधन व धूर वाचला? दुसरे पाण्याचे: लेपातून काय आणि किती पाण्यात उतरले? तिसरे परक्या जीवांचे: तळाला चिकटून कोण कुठून कुठे गेले? टीबीटीचे पहिले व तिसरे खाते उत्तम होते. इंधन वाचवण्यात आणि परके जीव रोखण्यात त्याने काहीच कसूर ठेवली नव्हती. दुसरे खाते मात्र कोणी उघडलेच नाही. ते आर्काशोंच्या कालवेवाल्यांनी, प्लायमथच्या गोगलगायींनी आणि उशिराने मार्मागोवाने उघडायला लावले.

आज जागतिक पातळीवर सर्वाधिक दबाव पहिल्या खात्याचा आहे. जहाजांना २०२३ पासून कार्बनच्या कार्यक्षमतेनुसार श्रेणी मिळते, त्यामुळे इंधन वाचवणाऱ्या प्रत्येक उपायाला मागणी आहे. तिसऱ्या खात्याचा दबावही वाढतो आहे. न्यूझीलंडने २०१८ पासून स्वच्छ तळ सक्तीचा केला, तर ऑस्ट्रेलियाने २०२२ पासून तळाच्या निगेची माहिती आधी कळवणे बंधनकारक केले. या दोन्ही दबावांचा रोख एकाच दिशेने आहे: तळ स्वच्छ ठेवा, कसाही ठेवा. दुसऱ्या खात्याची बाजू मांडणारा पक्ष त्या मानाने दुबळा आहे. त्यात कालवे वेचणाऱ्या बायका, खाडीत जाळे टाकणारे मच्छीमार आणि ज्यांना तोंडच नाही असे जीव आहेत.

तळ साफ करण्याच्या पद्धतीतही हाच कल दिसतो. विषारी रंगाचा तळ पाण्यातच घासला, तर रंगाचे विष आणि परके जीव दोन्ही बंदरात सुटतात. म्हणून निघालेला मळ शोषून किनाऱ्यावर आणणारी यंत्रणा काही बंदरे बंधनकारक करतात. अशी यंत्रणा महाग असते आणि जिथे ती सक्तीची नाही, तिथे जहाज घासून घेणे स्वस्त पडते. नियम असलेल्या बंदराचा मळ नियम नसलेल्या बंदरात उतरावा, हे बाजाराच्या तर्काला धरूनच आहे.

आपला समुद्र, आपली कसोटी

भारताच्या परदेश व्यापाराचा आकारमानाने सुमारे ९५ टक्के भाग समुद्रमार्गे होतो. त्यामुळे लेपांचा प्रश्न आपल्यासाठी परका नाही. शिवाय येथील पाणी उबदार असल्याने सागरी वाढ वर्षभर आणि जोमाने होते. पावसाळ्यात मुंबईच्या बंदरातील खारटपणा घटतो, काही जीव मरतात आणि पाऊस सरला की नवी वस्ती बसते. बाल्टिकच्या थंड, निमखाऱ्या पाण्यात यशस्वी ठरलेला लेप अशा पाण्यात तसाच वागेल, असे गृहीत धरता येणार नाही. त्याचे विघटन आणि विषारीपणा यांचे युरोपातील आकडेही इथे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत.

यासाठी लागणारी विद्या देशात नाही, असे मुळीच नाही. अंबरनाथ येथे नौदलाच्या गरजांसाठी काम करणारी साहित्य संशोधन प्रयोगशाळा आहे, दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, नौवहन महासंचालनालय तर मुंबईतच आहे. परक्या जीवांच्या अभ्यासासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या भाराच्या पाण्याविषयीच्या प्रकल्पात जगातील ज्या सहा बंदरांची निवड झाली होती, त्यांत मुंबई होती. उणीव आहे ती ज्ञान आणि नियम यांना जोडणाऱ्या दुव्याची.

आणखी एक बाजू लहान नौकांची. आंतरराष्ट्रीय करारातील बंदी सर्वच नौकांना आहे, पण प्रमाणपत्राची सक्ती ४०० टनांहून मोठ्या आणि आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या जहाजांना आहे. २४ मीटरहून लांब नौकांना स्वयंघोषणा पुरते आणि त्याहून लहान नौकांना कागदच नाही. आपल्या मच्छीमारी नौका बहुतांशी या शेवटच्या गटात येतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, त्यांचे तळ खरवडले जातात आणि नारळी पौर्णिमेपूर्वी त्यांना नवा रंग चढतो. खरवडलेला जुना रंग वाळूतच पडतो. रंगाच्या डब्यात नेमके काय आहे, हे रंग देणाऱ्याला माहीत असतेच असे नाही. मासळीवर ज्याचे पोट आहे, त्यानेच मासळीला अपायकारक द्रव्य नकळत पाण्यात सोडावे, याला विपरीत योग म्हणावे लागेल. त्यात दोष मच्छीमाराचा नाही; त्याला माहिती आणि परवडणारा पर्याय देण्याची जबाबदारी ज्यांची होती, त्यांचा आहे.

मागणी काय असावी?

बंधनकारक चौकटीच्या वाटाघाटी पुढची काही वर्षे चालतील. त्यांत भारताने केवळ अंतिम मसुद्यावर सही करणारा देश म्हणून बसू नये. लेपाला मान्यता देताना उष्ण कटिबंधातील पाण्यातील चाचणी सक्तीची करावी, ही पहिली मागणी असायला हवी. दुसरी, पाण्यात तळ साफ करताना मळ गोळा करण्याची अट सर्व बंदरांना एकसारखी लागू व्हावी, म्हणजे गरीब देशांची बंदरे श्रीमंत देशांची धुण्याची जागा बनणार नाहीत. तिसरी, प्रत्येक डब्यावर जीवनाशक द्रव्यांची नावे व प्रमाण स्थानिक भाषेत छापले जावे.

चौथे काम तर कोणत्याही कराराची वाट न पाहता करता येण्याजोगे आहे. आपल्या बंदरांतील गाळ, पाणी आणि गोगलगायी यांची नियमित पाहणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष दरवर्षी जाहीर व्हावेत. नवा लेप येण्यापूर्वीची स्थिती नोंदलेली नसेल, तर त्याने नंतर काय बिघडवले, हे सिद्ध करता येत नाही. टीबीटीच्या बाबतीत हीच अडचण जगभर आली. गोगलगायीच्या तपासणीला फारशी महागडी यंत्रे लागत नाहीत. प्रशिक्षित डोळे, सूक्ष्मदर्शक आणि सातत्य पुरते. समुद्रविज्ञान शिकणाऱ्या किनारपट्टीवरील महाविद्यालयांनाही या कामात सहभागी करून घेता येईल.

सिलिकोन असो, शार्कच्या कातडीची नक्कल असो वा उद्या येणारे आणखी काही, या संशोधनाचे स्वागतच करायला हवे. टीबीटीच्या तुलनेत जग निश्चित पुढे आले आहे. मात्र रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच पाण्याचे खाते उघडले गेले पाहिजे. मागच्या वेळी ते उघडायला आणि त्यावर जगाचे एकमत व्हायला २६ वर्षे लागली. मार्मागोवाच्या खडकांवरील गोगलगायींना पुन्हा तेवढी वाट पाहायला लावण्याचे काही कारण नाही.